तबला-डग्गा दोन माइकवर घेताना ‘धा’चा खर्ज का जातो?

प्रश्न:
खोली १० बाय १२ फूट, खाली टाइल्स. तबल्यावर छोट्या डायफ्रामचा (पडद्याचा) कंडेन्सर माइक, डग्ग्यावर शूर एसएम ५७. दोन्ही माइक पुडीपासून (वाजवायच्या कातड्यापासून) साधारण २० सेंमी. सुटा ट्रॅक ऐकला तर डग्गा छान घुमतो, दोन्ही एकत्र लावले की ‘धा’तला (दोन्हींवर एकदम वाजणाऱ्या बोलातला) खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, गायब. शिवाय चाट (तबल्याच्या कडेचा पट्टा) कानाला टोचते. ईक्यूने (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करून) सुटत नाही. माइक हलवायचे की बदलायचे?

उत्तर १:
बदलू नका. आधी पोलॅरिटी तपासा, म्हणजे एका माइकचा सिग्नल दुसऱ्याच्या उलटा येऊन त्याला खोडत तर नाही ना ते पाहा. डग्ग्याचा आवाज दुसऱ्या माइकपर्यंत फार तर १५ सेंमी जास्त चालतो. तेवढ्या अंतराने ११०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. १०० हर्ट्झची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर, तिला १५ सेंमीने काही होत नाही. तुमचा नेमका खर्जच जातोय, म्हणून एखाद्या एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक) केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिना उलट जोडल्या गेल्याचा दाट संशय आहे. अशा केबलवर फँटम पॉवर (कंडेन्सरला केबलमधूनच मिळणारी वीज) व्यवस्थित चालते, त्यामुळे दोष लक्षातच येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये एकाच ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा आणि मोनोत (दोन्ही ट्रॅक एकत्र मिसळून) ‘धा’ ऐका. खर्ज परतला तर मल्टिमीटरने पिना तपासा. केबलींची नुसती अदलाबदल करून कळणार नाही. उलटी केबल कुठल्याही माइकला लावली तरी दोघांतला विरोध तसाच राहतो.

उत्तर २:
पोलॅरिटी सुधारली तरी गळती (एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणं) राहीलच. डग्ग्याचा माइक १०–१२ सेंमीवर आणा आणि त्याची पाठ तबल्याकडे करा. त्याहून जवळ नको: कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक जवळ गेला की खर्ज फुगवतो, मग घिस्सा (डग्ग्यावर मनगट घासून काढलेला आवाज) गढूळ होतो.

तबल्याच्या माइकला १२० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) बिनधास्त लावा. काळी एक पट्टीचा तबला २७७ हर्ट्झच्या आसपास बोलतो, त्याचं काही जात नाही, आत शिरलेला डग्गा मात्र निघतो. डग्ग्याच्या ट्रॅकला हा फिल्टर अजिबात नको.

चाट टोचते कारण कंडेन्सर थेट तिच्यावर रोखलेला असणार. तो २५ सेंमी उंचीवर, ४५ अंशांत, लव (चाट आणि शाईमधला भाग) आणि शाई (मधला काळा गोल) मिळतात तिकडे वळवा. गेन (माइकची पातळी) असा ठेवा की सर्वांत जोरकस ‘ना’ (चाटेवरचा बोल) उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही.

उत्तर ३:
टाइल्स विसरू नका. तबल्याच्या पुढे दोन-तीन फुटांपर्यंत जाड गोधडी अंथरा, पंखा बंद ठेवा. खोलीच्या बरोबर मध्यात बसू नका, तिथे खर्ज पडतो. कोपऱ्यात तो फुगतो. लांबीच्या एक-तृतीयांशावरची जागा बरी. माइकचा स्टँड गादीवर नको, हाताचे धक्के त्यातून वर चढतात. लेहरा (साथीची फिरती धून) हेडफोनवरच ऐका, स्पीकरवरचा लेहरा दोन्ही माइकमध्ये शिरतो आणि मग काढता येत नाही.