मदत हवी आहे: गाडीचा 'देश' बघून निर्णय घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

वापरलेली गाडी घ्यायची आहे आणि दोनवर येऊन अडलोय. एक जर्मन ब्रँडची, एक जपानी. वय सारखंच, किलोमीटरही जवळपास तेवढेच. घरी मात्र गाड्यांवर कमी आणि देशांवरच जास्त चर्चा चालू आहे. सासरे म्हणतात, जपानी घ्या, बॉनेट उघडायची वेळ येणार नाही. मेहुण्याचं म्हणणं, जर्मन गाडीचा दरवाजा लावल्याचा आवाज ऐका आणि मग बोला. (ऐकला. छान आहे. पण खर्चात पाडतो तो गिअरबॉक्स, दरवाजा नव्हे.) मी मध्येच कोरियन सुचवली, तेव्हा दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं: नको!

मग मी चासी नंबर बघितला. 17 अक्षरी नंबर, त्यात साधारणपणे पहिल्या अक्षरावरून देश कळतो: जे म्हणजे जपान, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, के म्हणजे कोरिया. आमची 'जर्मन' गाडी निघाली 3 ची, म्हणजे मेक्सिकोची. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून वाचतोय आणि गोंधळ वाढतोय. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना 1982 मध्ये बंद केला होता. दर्जा आणि गैरहजेरी, दोन्हींसाठी बदनाम. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला. कामगार बरेचसे जुनेच, पद्धत टोयोटाची, आणि गाड्या चांगल्या निघायला लागल्या. पुढे तिथूनच टोयोटाची कोरोला आणि जनरल मोटर्सची जिओ प्रिझम अशा जवळजवळ जुळ्या गाड्या बाहेर पडायच्या, तरी जुन्या बाजारात कोरोलाला भाव जास्त! हा फरक बिल्ल्याचाच ना?

बरं, नावं कायमची चिकटतात असंही नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गेलेली टोयोटाची टोयोपेट क्राउन तिथल्या महामार्गांवर दमायची. ह्युंदाईची 1986 च्या एक्सेलने गेलेली अब्रू सावरायला 1998 मध्ये इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची हमी जाहीर करावी लागली. सासऱ्यांचं कोरियन गाड्यांबद्दलचं मत बहुतेक 1986 मध्येच थांबलंय.

तर जाणकारांना विचारायचं आहे: एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांत बनतं, तेव्हा वापरताना खरंच फरक जाणवतो का? की देश सोडून ठरावीक इंजिन, ठरावीक गिअरबॉक्स आणि ते कुठल्या वर्षीचं आहे एवढंच बघावं? मेकॅनिककडे काम करणाऱ्या किंवा दोन्ही प्रकारच्या गाड्या निदान पाच-सहा वर्षं वापरलेल्या कुणी लिहिलं तर फार बरं होईल. सुटे भाग मिळायला किती थांबावं लागलं तेही सांगा, मला खरी धास्ती त्याचीच आहे.

एक विनंती: जर्मन विरुद्ध जपानी असा सामना इथे नको. तो घरी रोज रात्री जेवताना असतोच.