आर-जीडीपी केमो डे केअरमध्ये: परभणीहून ये-जा करावी की मुंबईत राहावं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. बाबा ६१ वर्षांचे, डीएलबीसीएल, म्हणजे लिम्फ गाठींचा कॅन्सर. आर-चॉप केमोच्या ६ सायकल झाल्या, पेट स्कॅन क्लीन आला, आम्ही पेढे पण वाटले आणि आठ महिन्यांत मानेत परत गाठ. बायोप्सीत तोच निघाला. आता २-३ सायकल आर-जीडीपी, म्हणजे आजार उलटल्यावरची केमो, मग पेट, आणि गाठी विरघळल्या तर स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट असं ठरलंय. पण केमो डे केअरमध्ये, सकाळी जा संध्याकाळी घरी. आई म्हणते आजार उलटलाय तरी ॲडमिट करत नाहीत, म्हणजे हलकं औषध देऊन वाटेला लावतायत. आणि खोली घ्यावी का परेलला?

रातराणी_७:
ताई, आईंना सांगा हलकं अजिबात नाही. कॅनडातल्या ट्रायलमध्ये जीडीपी आणि डीएचएपी ही तशीच दुसरी केमो समोरासमोर ठेवून बघितलं होतं, २०१४ ला आलं ते, गुण जवळपास सारखाच आणि जीडीपीत त्रास कमी, ॲडमिट व्हायची वेळ कमी.
पण ये-जा करू नका. पहिल्या दिवशी यातलं सिस्प्लॅटिन हे औषध असतं, त्याच्या आधी-नंतर सलाईन, अख्खा दिवस जातो. आठव्या दिवशी फक्त जेमसिटाबिन, अर्ध्या तासाचं काम, पण आधी सीबीसी (रक्ताची तपासणी) आणि प्लेटलेट पडलेल्या असल्या की आठवडाभराने या. माझ्या भावाला दोनदा असंच परत पाठवलं, रात्रभर रेल्वेत बसून आलो होतो. पहिले आठ-दहा दिवस तरी मुंबईतच काढा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बघा, हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून चिठ्ठी लागते, नंबर लागायला वेळ जातो म्हणून आजच विचारा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म पण हॉस्पिटलमधूनच भरून घ्या, थ्री एसीत पेशंटचं भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

चहाबाज:
मी स्वतः घेतलंय हे. उलटीचं औषध उलटी व्हायच्या आधी घ्यायचं, मी शहाणपणा केला नि भोगलं. डेक्साच्या (यातलंच स्टेरॉइड) गोळ्या चार दिवस, सकाळी खाऊन घ्या, नाहीतर रात्रभर पंखा मोजत बसाल. गोळ्या थांबल्या की पाचव्या दिवशी माणूस एकदम गळून जातो, घरचे घाबरतात, ते माहीत असू दे.
ताप १००.४ ला टेकला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी, रात्रीचे तीन वाजले तरी. परभणीत असाल तर हे कसं करणार? पाणी भरपूर, आणि कानात शिट्टी वाजायला लागली तर डॉक्टरांना सांगा, सिस्प्लॅटिनने होतं ते.

गोदाकाठ:
खूप आभार दोघांचे. बाबांना शुगर आहे, गोळी चालू आहे, त्याने काही फरक पडतो का?

चहाबाज:
पडतो की! डेक्साने शुगर भसकन वर जाते, माझी नसताना ३०० पार गेली होती. पहिल्या दिवसाच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला, ते चार दिवस इन्सुलिन लागू शकतं. ग्लुकोमीटर आहे का घरी?