दहा बाय दहाच्या खोलीत डग्गा घुमतो, काय करू?

तबला_मुलुंड: भाड्याचा फ्लॅट. बेडरूम 10 बाय 10, उंची साडेनऊ फूट. खोलीच्या मधोमध बसून तबला रेकॉर्ड करतो. चाट, म्हणजे काठावरचा बोल, छान येते, पण डग्ग्यावर मींड घेतली, म्हणजे तळहात दाबत सूर सरकवला, की एका ठरावीक सुराला आवाज फुगतो आणि रेंगाळतो. भिंतींना दोन इंची फोम चिकटवलाय. अजून लावू का? ड्रिल चालणार नाही.

गिरगावकर_साउंड: फोमवर आता एक रुपयाही घालवू नका. पातळ फोम फक्त वरचे सूर खातो. खालचे तसेच राहतात, म्हणून घुम उलट जास्तच जाणवते. अर्धा काढलात तरी चालेल.

तुमची खोली जवळजवळ घनाकृती आहे, मुंबईतल्या बऱ्याच बेडरूमसारखी. 10 फुटांत, म्हणजे 3.05 मीटरमध्ये, पहिला अनुनाद, म्हणजे खोली स्वतःच घुमते तो सूर, 57 हर्ट्झच्या आसपास, दुसरा त्याच्या दुप्पट, 114 ला. लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे दोन्हींचे अनुनाद एकावर एक बसतात. उंचीचाही जवळच, 60 ला. आणि 114 चा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत जास्त. तुम्ही नेमके तिथेच बसताय! आधी आसन हलवा. एका भिंतीपासून साधारण चार फूट, दुसरीपासून तीन. माइक थोडा थोडा सरकवत तीच मींड वाजवून बघा. फुकटातला निम्मा इलाज हाच.

मग कोपरे. घनमीटरला 48 किलो घनतेचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), चार इंच जाडीचे दोन थर, लाकडी चौकटीत कापडाने नीट गुंडाळून कोपऱ्यात तिरकं उभं करायचं. ड्रिल लागत नाही, घर सोडताना सोबत नेता येतं. भरताना हातमोजे आणि मास्क हवेच, फार खाजतं. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल येते आणि कापडाला बुरशी धरते. मागची मोकळी जागा आवाजालाही उपयोगी, त्यामुळे खालचे सूर जास्त शोषले जातात.

आणि ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय) 114 दाबायच्या फंदात पडू नका. फुगवटा कमी होईल, रेंगाळणं पूर्ण जाणार नाही, आणि डग्ग्याचा स्वतःचा घुमारा मात्र मरेल. खोलीचा नको, तो हवाच ना?

परळ_ढोलकी: अंड्यांचे ट्रे लावा, स्वस्तात काम होतं.

गिरगावकर_साउंड: नाही होत. ट्रे झिरझिरीत कागदी लगद्याचे असतात, डग्ग्याच्या सुरांना ते दिसतसुद्धा नाहीत. त्यापेक्षा घरातल्या कापसाच्या गाद्यांच्या वळकट्या कोपऱ्यांत उभ्या करा. रॉकवूलइतकं नाही, पण रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मोजलंत तर फरक दिसेल.

तबला_मुलुंड: आसन सरकवलं. खरंच फरक पडला! आता गाद्या बघतो. पण याने खालच्या मजल्यावर आवाज जायचा थांबेल का? तक्रार आलीय.

गिरगावकर_साउंड: नाही. खोलीतला घुम शोषणं वेगळं आणि आवाज स्लॅबमधून खाली जाऊ न देणं वेगळं, ते खर्चिक काम आहे. तोवर चुंबळीखाली जाड रबरी मॅट घाला, आणि खालच्यांची दुपारची झोप कधी असते ते विचारून घ्या.