सायलेन्सर घरी वेल्ड करायचा? नवशिक्यांनो, थांबा

रामबागवाला
काल इथे कोणीतरी लिहिलं, "सायलेन्सरसाठी दुकानात कशाला जाता? आर्क मशीन भाड्याने आणा, चार रॉड जाळा, झालं." वाचून डोकं फिरलं. सायलेन्सरचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर. त्यावर ३.१५ मिलिमीटरचा रॉड १०० अँपिअरवर लावला की जोड लागत नाही, भोक पडतं. कारखाली उताणं पडून करत होतो, माझं पडलं. ते बुजवायला गेलो तर रुपयाएवढं झालं, शेवटी पाइपचा तुकडाच कापून काढला. शेजारी पेट्रोलची टाकी! त्या पोस्टमध्ये टाकीबद्दल अवाक्षर नाही, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा हेसुद्धा नाही.

पीथमपूर पहिली शिफ्ट
भोक पडलं कारण रॉड जाड आणि करंट जास्त. २ मिलिमीटरचा रॉड, ५० अँपिअरच्या आसपास. सलग ओढायचं नाही. चार बाजूंना टाके, म्हणजे ठिपक्याएवढे जोड, मग समोरासमोर थोडं थोडं भरायचं. बावीस वर्षं हेच काम करतोय, पहिल्या दिवशी भोकं सगळ्यांनीच पाडली. म्हणून पोरांनी शिकायचंच नाही? आणि उताणं पडून वेल्ड करा म्हणतंय कोण? सायलेन्सर रबरांवर टांगा, जागेवर टाके मारा, मग उतरवून टेबलावर भरा.

रामबागवाला
जागेवर टाके म्हणजे टाकीजवळ ठिणगी आलीच ना!

सियागंज गल्ली
दोघंही डोळ्यांपुढे धरायच्या काळ्या काचेचं बोलत नाही. माझ्या धाकट्या भावाने उन्हाचा चष्मा लावून वेल्डिंग केलं. संध्याकाळी ठणठणीत, रात्री दोनला डोळ्यात वाळू भरल्यासारखा ओरडायला लागला. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बरा.

पीथमपूर पहिली शिफ्ट
बटाटा एक नंबर. आमच्याकडे सगळे तेच करतात.

डोळ्यांच्या ओपीडीतली
कृपा करून हे पसरवू नका. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ थर भाजतो, त्रास काही तासांनी सुरू होतो, आणि तो थर बहुतेकदा एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो. श्रेय बटाट्याला जातं. सोललेल्या डोळ्यावर कच्चा बटाटा म्हणजे जंतूंना आमंत्रण. त्याहून वाईट म्हणजे बधिर करणारे थेंब आणून घरी टाकत राहणं. त्याने जखम भरत नाही, चिघळते. असा एक मुलगा मी पाहिलाय, अठरा-एकोणीसचा. बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहिला.

पीथमपूर पहिली शिफ्ट
मॅडम, रात्री दोनला तुमची ओपीडी उघडी असते का? आमच्या ठेकेदाराने पहिली तीन वर्षं धड काच दिली नाही. एकच फुटकी काच, चौघांत. बटाटा हौसेने नाही लावला आम्ही.

डोळ्यांच्या ओपीडीतली
मग राग ठेकेदारावर काढा, माझ्यावर नको. रात्री थंड पाण्याची पट्टी मिटलेल्या डोळ्यावर, सकाळी डॉक्टर. आणि दहा नंबरची (हा काळेपणाचा नंबर) काच स्वतःची ठेवा.

सियागंज गल्ली
भावाला दाखवलं. काच आणतो म्हणाला.

रामबागवाला
सायलेन्सरवर या आता. टाकीचं उत्तर कुठाय?

पीथमपूर पहिली शिफ्ट
ठीक. टाकीचं तुमचं बरोबर, मी घाईत लिहिलं. नवीन माणसाने जागेवर खडूने खूण करावी, टाकेसुद्धा खाली उतरवूनच मारावेत. पण घरी करूच नये, हे मी मानणार नाही.

रामबागवाला
खाली उतरवून, आधी भंगारातल्या पाइपवर आठवडाभर हात बसवून करणार असेल तर करू दे. गार असताना जोडावर साबणाचं पाणी लावा, इंजिन चालू करून मागचं तोंड कापडाने दाबा. बुडबुडा आला तर तिथून धूर गाडीत येणार, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या सीटवर माझी मुलगी बसते.