‘नस’ म्हणजे नेमकी कोणती? शीर, स्नायू की मज्जातंतू?

अनुवादक: रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा मसुदा तपासतेय. हिंदीवरून मराठीत आलाय. एकाच पानावर ‘नसेत इंजेक्शन देऊ नये’, ‘मानेतली नस दबली आहे’ आणि ‘पोटरीच्या नसा फुगल्या आहेत’ अशी तीन वाक्यं आहेत. पुढे ‘स्नायु की कमज़ोरी’चं ‘स्नायूंचा अशक्तपणा’ केलंय. काय बदलू?

शरीररचना (या विषयाचे जाणकार): तिन्ही नसा वेगळ्या आहेत. पहिली आणि दुसरी मज्जातंतू, तिसरी शीर. बोलताना आपण कंडरेलाही नसच म्हणतो.

फरक मनगटावर बघता येतो. तळहात वर करा, अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा आणि मनगट जरा आत वाकवा. मधोमध ताठ दोरी उठते ती कंडरा, स्नायूची ओढ पुढे पोचवणारी. (काहींना ती जन्मतःच नसते, त्यानं काही अडत नाही.) कातडीखाली निळसर दिसतात त्या शिरा. अंगठ्याच्या बाजूला बोटाखाली उडते ती धमनी. मज्जातंतू दिसत नाही, तो त्या मधल्या दोरीच्या खाली दडलेला असतो.

काच लागली की सगळे ‘नस कापली’ म्हणून मोकळे होतात. पण धमनी कापली तर लालभडक रक्त उसळ्या मारतं, शीर कापली तर काळपट रक्त संथ वाहतं, कंडरा तुटली तर बोट वाकत नाही. मज्जातंतू तुटला तर रक्त फारसं येत नाही, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. म्हणूनच तो नजरेतून सुटतो. टाके घालण्याआधी बोटांच्या टोकांना कापूस लावून संवेदना तपासायची ती यासाठी. जोडल्यावरही मज्जातंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत कित्येक महिने.

कोशवाचक: ‘स्नायू’ची गंमत वेगळीच. मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारं मांस. हिंदी-बंगालीत तोच शब्द मज्जातंतूसाठी चालतो. सुश्रुतसंहितेत तो या दोन्ही अर्थांनी नाही. तिथे 900 स्नायू आणि 500 पेशी वेगवेगळ्या मोजल्यात, आणि नावेच्या फळ्या जशा दोरांनी आवळलेल्या असतात तसे स्नायू सांधे बांधतात असा दृष्टांत आहे. म्हणजे आजचे अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि कंडरा यांच्या जवळचं काहीतरी. मांसाला तिथे पेशी म्हटलंय. हिंदीनं ‘मांसपेशी’त ते जपलं. मराठीनं पेशी हा शब्द सेलला देऊन टाकला आणि मांसासाठी स्नायू धरला. तेव्हा तुमच्या मसुद्यात ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ हवं, नाहीतर रुग्ण व्यायाम वाढवायचा!

अनुवादक: मग शिरा सोडून सगळीकडे ‘मज्जातंतू’ करते. पण शालेय पुस्तकांत ‘चेता’ आहे ना?

शरीररचना: आहे, आणि तर्कानं तोच चांगला. ‘मज्जा’ मुळात हाडातला गर. अस्थिमज्जा तपासणी आणि मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा जाड दोर) यांत एकच शब्द आल्यानं सुई त्या दोरात जाईल अशी खरी भीती उभी राहते. अस्थिमज्जेसाठी सुई बहुधा कमरेच्या मागच्या हाडात जाते. मणक्यातलं पाणी काढताना ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून जाते. प्रौढांत मज्जारज्जू त्याच्या वरच, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे त्याला सुई लागत नाही. हे रुग्णाला सांगताना मज्जारज्जूला मेरुरज्जू म्हणा, निम्मा घोळ तिथेच मिटतो. बाकी ठिकाणी मज्जातंतू राहू द्या. ‘चेतातंतू’ दहावीनंतर फारसा कुणी उच्चारत नाही.

कोशवाचक: आणि ‘ऊती’ (सारख्या पेशींचा समूह, टिश्यू) दीर्घ ऊनं लिहा, मसुद्यांत हमखास ‘उती’ दिसतं. संस्कृतात ऊति म्हणजे विणणं. अभिस्तर (आच्छादणारी), संयोजी (जोडणारी), स्नायू आणि चेता हे तिचे चार प्रकार. रक्त संयोजीत येतं. पातळ असून ते विणीत कसं बसतं, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

अनुवादक: पहिलं वाक्य असं केलं: ‘सुई मज्जातंतूला लागू नये म्हणून इंजेक्शन नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या चतुर्थांश भागात द्यावं.’

शरीररचना: बरोबर. आतल्या खालच्या बाजूनं पायाचा जाड मज्जातंतू जातो, त्याला सुई लागली तर पाऊल लोंबतं. मूळ वाक्य मात्र ठेवूच नका. शिरेतून सलाईन लावायलाही लोक ‘नसेतून’च म्हणतात, त्यामुळे ‘नसेत देऊ नये’ याचा अर्थ ‘सलाईन नको’ असाही होईल.

अनुवादक: आणि रात्री पोटरीत ‘नस चढते’ ती कोणती?

शरीररचना: कुठलीच नाही. तो स्नायूचा पेटका. पाऊल हातानं स्वतःकडे ओढून धरा, सुटतो.