अनुभव धागा: एडिटिंगची नोकरी, हातातलं काम आणि घर (बडोदा)

बडोद्यातल्या मराठी घरांना रुखवताचं क्रोशाकाम, मोत्यांची तोरणं, गोधड्या हे काही नवं नाही. ते करणारे आता दिवसा व्हिडिओ कापतात, पेजेस सांभाळतात आणि रात्री ऑर्डरी पुऱ्या करतात. अशांनी इथे टोपणनावाने लिहावं. जीवनकहाणी नको, मापं, वेळा, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा.

मुकाखांब
घरात लहान मूल आणि फोनवर क्लायंट असेल तर मधेच सोडता येईल असंच काम निवडा. क्रोशा त्यात पहिला. सोडताना ओळ पुरी करा, शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि चिठ्ठीवर फेरीचा आकडा लिहा. पिन नसली की कोणीतरी दोरा ओढतं आणि दोन फेऱ्या उसवतात. एक्सपोर्ट (कापलेल्या व्हिडिओची फाइल तयार होणं) लावून हातात सुई घेणार असाल तर आतल्या फेऱ्याच धरा. बाहेरच्या फेऱ्या एका एक्सपोर्टमध्ये संपत नाहीत.

गोल रुमालात मुक्या खांबाच्या (क्रोशाचा आखूड टाका) दर फेरीला 6 टाके वाढतात, खांबाच्या (उंच टाका) फेरीला 12. कमी वाढले तर वाटी होते, जास्त वाढले तर झालर. दमलेल्या हाताने टाके आवळले जातात आणि गणित बरोबर असूनही वाटी होते. अशा वेळी पाव ते अर्धा मिमी मोठी सुई घ्या. लडीच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर बघून पूर्ण नगाचं सूत एकदम घ्या. दुसऱ्या लॉटचा पांढरा उन्हात खपून जातो, कॅमेऱ्यात नाही.

आणि सूत स्वयंपाकघराजवळ उघडं ठेवू नका. फोडणीचा वास ते इतकं धरतं की पार्सल उघडणाऱ्याला लसणाची चटणी आठवते. झिपच्या पिशव्या घ्या.

तंगूस
मोत्यांचं तोरणही मधेच सोडता येतं, पण तंगूस (मोती ओवायचा नायलॉनचा दोरा) मोकळा टाकला की मोती घरभर. दोन्ही टोकांना कपड्याचे चिमटे लावा. एका वेळी दीड मीटरच घ्या. लांब घेतला की पीळ पडतो. नवा तुकडा जोडताना जुन्यासोबत चार-पाच मोत्यांतून ओवून घ्या, म्हणजे भार एकट्या गाठीवर येत नाही. नायलॉनची गाठ सरकते, म्हणून तीन वेळा मारा आणि वर पारदर्शक लवचीक गोंदाचा थेंब द्या. झटपट चिकटणारा गोंद नको. त्याने तंगूस कडक होऊन गाठीपाशी तुटतो.

माप गिऱ्हाइकाकडून चौकटीच्या आतलं मागवा, फोटोसकट. ‘नेहमीचं दार’ असं माप नसतं.

पन्नासहर्ट्झ
विकायच्या नगांच्या व्हिडिओत दिव्याचे पट्टे सरकताना दिसत असतील तर कॅमेरा बदलू नका, शटर (दर चित्राला उजेड घ्यायचा वेळ) बदला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांची लुकलुक सेकंदाला 100 वेळा. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर धरा, 1/60 वर नको. पंखा बंद करा. दिव्याखाली पात्यांची सावली कामावरून फिरत राहते.

खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर पांढरा पडदा ओढा आणि घरातले दिवे बंद करा. दोन प्रकारचे उजेड मिसळले की एक बाजू निळी, एक पिवळी. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा अशी रंगांची सेटिंग) लॉक करा. कुंकवाचा लाल आणि राणी रंग फोनमध्ये सपाट गोळा होतो, टाके दिसतच नाहीत. एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) थोडं खाली घेतलं की पोत परत येतो.

नगानगाचा वेगळा व्हिडिओ करत बसू नका. एका सकाळी पाच-सहा नगांचे हात, उलटी बाजू, टेप लावलेलं माप असे तुकडे घेऊन ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या लायसन्सवर स्वतःचं काम कापू नका. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाचं कलम असतं, ते आधी वाचा.

पाकिटवाली
मुकाखांबताई, सोडता येणं ठीक, पण पैसे कुठे बुडतात तेही सांगा ना. समजा सूत 150 रुपये, 6 तास काम तासाला 100 ने, खोका-पिशवी 40. झाले 790. व्हिडिओला 3 तास लागले तर आणखी 300, आणि ते 10 नगांवर वाटले तरच नगाला 30 पडतात. एकाच खास ऑर्डरीवर ते सगळे बसले की भाव 1,090 होतो.

कुरियरही फसवतं. बरेच कुरियरवाले लांबी × रुंदी × उंची सेंमीत घेऊन 5000 ने भागतात. 40 × 30 × 10 च्या खोक्यात 400 ग्रॅमचं तोरण घातलं तरी वजन धरतात 2.4 किलो. बबलमध्ये गुंडाळून चपट्या पाकिटात घाला.

साचा
रेझिन (दोन द्रव मिसळून साच्यात ओतायचं, घट्ट होणारं) करणाऱ्यांनी काम मधेच सोडण्याचा विचारच करू नये. मिसळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ओतून व्हायला हवं, म्हणून फोन बंद. प्रमाण 2:1 आहे की 3:1, आणि ते मापाने की वजनाने, हे बाटलीवर वाचा. गडबड झाली की चिकटपणा कधीच जात नाही. बडोद्याच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत पृष्ठभाग दुधाळ, मेणचट होतो. जुलै-ऑगस्ट मी ऑर्डर घेतच नाही. नायट्राइल हातमोजे, उघडी खिडकी, आणि मुलांच्या खोलीत अजिबात नाही.

सुईमोज
सुया मोजून काढा, मोजून ठेवा. चुंबकाची डबी घ्या. घरच्यांना ‘जरा मदत करा’ म्हणून काही होत नाही. काम नेमकं द्या: सासूबाई लेबलं लिहितील, अहो पाकिटं चिकटवतील. माऊस आणि क्रोशा दोन्ही एकाच अंगठ्यावर येतात. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखू लागलं तर माऊस डाव्या हाताला घ्या, आणि तरी राहिलं तर डॉक्टर.

मुकाखांब
पाकिटवाली, हिशेब मान्य. तारखांचं राहिलं. नवरात्रातल्या ऑर्डरी गणपती बसायच्या आत बंद करा. त्या नऊ रात्री गरबा, उपास आणि क्लायंटच्या सणाच्या पोस्टी एकदमच येतात. उत्तरायणाला, म्हणजे 14 आणि 15 जानेवारीला, कुरियरचा पिकअप धरू नका. सगळं गाव गच्चीवर असतं. पार्सल 12 तारखेपर्यंत निघालेलं बरं.