अनुभव धागा: तुमच्या बिल्डिंगची, घरची, कामावरच्या शिफ्टची, सगळ्यांना पाठ असलेली 'ती' गोष्ट कोणती?

समावाली: परवापासून इथे बडोद्यात आजवा धरणाच्या पातळीचे मेसेज फिरायला लागलेत आणि मला ऑगस्ट २०२४ चा पूर आठवतोय. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, तेव्हा ३५ च्याही वर गेली. आमच्याकडे तळमजला पाण्यात, लाईट गेलेली. खालची बिऱ्हाडं वर आली. तोवर आमचं एकमेकांशी बोलणं म्हणजे "केम छो" आणि "गाडी जरा काढता का". त्या रात्री जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी २०१९ चा पूर सांगायला घेतला. ३१ जुलै, एका दिवसात वीस इंच, कंपाउंडमध्ये मगर! काकींनी तिथल्या तिथे तोडलं, "मगर कसली, घोरपड होती." जुंपली दोघांची. हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं. आता मीटिंगमध्ये मेंटेनन्सवरून आवाज चढले की कुणीतरी विचारतंच, "पण मगर की घोरपड?" मग गाडी रुळावर येते. तुमच्याकडे आहे का अशी गोष्ट?

अकोटाकर: मगरच. विषय संपला.

दांडियाबाजारची सून: मी पुण्याची. लग्नानंतर बरेच दिवस जेवताना सगळे कसल्या कसल्या जुन्या गोष्टींवर हसायचे आणि मी आपली आमटी वाढायचे. त्यातली एक, आजेसासरे न्यायमंदिरात साक्षीला गेले ते एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून. एकदा नणंदबाई पाहुण्यांना सांगताना "दोन्ही चपलाच, फक्त वेगवेगळ्या" म्हणाल्या, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो, उजव्या पायात बूट होता." सासूबाई म्हणाल्या, "हिला विचारा, हिला पाठ आहे." त्यानंतर घरातल्या बाकीच्या गोष्टीही मला विचारून व्हायला लागल्या. एफडी कुठे ठेवायची हे सुद्धा 😄

चिवडाप्रेमी: पुरात आम्ही लीलो चेवडो (आपला ओला चिवडा) पुरवून पुरवून खाल्लेला. बाकी काही आठवत नाही.

नंदेसरी रात्रपाळी: घाईत लिहितोय. आमच्या कारखान्यात नवीन पोरगा आला की त्याला सेफ्टीचं पुस्तक देतात, ते कोण वाचतो? डब्याच्या वेळी आमचे जुने ऑपरेटर स्वतःचीच गोष्ट सांगतात. पाइपलाईनमध्ये प्रेशर आहे का न बघता फ्लॅंज (पाइपचा जोड) सोडला, कोपरापर्यंत भाजलं. बाही वर करून डाग दाखवतात. ते बघितलं की पोरं रात्री दोनला पण फोन करून विचारतात, लाजत नाहीत. मोठा माणूस चुकला होता हे कळलं की विचारायला जीभ उचलते.

समावाली: बाप रे. काळजी घ्या दादा.

जुना ओटला: सगळ्याच गोष्टी माणसं जोडतात असं नाही हं. आमच्या वाड्यात नळाच्या भांडणाची गोष्ट दोन बिऱ्हाडं दोन तऱ्हांनी सांगायची, आणि नवा भाडेकरू आला की त्याला बाजू घ्यावीच लागे. आजी मग १९२७ चा पूर काढायची. तिने तो पाहिलेला नव्हता, आईकडून ऐकलेला. तरी पाणी कुठवर आलेलं ते भिंतीला हात लावून दाखवायची. पुरात कुणाची बाजू घेणार?

दांडियाबाजारची सून: आजी भारी! वाडा रावपुऱ्यात का?

जुना ओटला: नाही, वाडी भागात. रंगमहालाकडे.

अकोटाकर: अरे, तिथे माझी मावशी राहायची! पिठाच्या गिरणीमागे?

जुना ओटला: गिरणीसमोर. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. मावशींचं आडनाव व्यनि (खाजगी मेसेज) करा.